पाण्यातली हजेरी

बाई पाण्याला घाबरायच्या. हे मला कळलं तेव्हा त्या छातीएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. समोर आठ बायका होत्या आणि बाई खणखणीत आवाजात सांगत होत्या, "डावा गुडघा वर. घाई नको. पाण्याला उचलू द्या, तुम्ही उचलू नका." मी काठावर उभी होते. तिथून मला बाईंचा उजवा हात दिसत होता. तो स्टीलच्या कठड्यावर असा आवळलेला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पाऊण तास तो हात तिथून सुटला नाही.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "बाई, तुम्हाला पाण्याची भीती वाटते?"

"वाटते की," त्या म्हणाल्या. मी त्यांचं आडनाव विचारलं असतं तर त्या जशा बोलल्या असत्या, तशाच बोलल्या. "म्हणून तर मी शिकवते. ज्याला भीती नाही त्यानं दुसऱ्याला पाण्यात उतरवू नये."

त्याच्या काही महिने आधी मी फिजिओथेरपीची पदवी घेऊन नुकतीच पौडच्या एका छोट्या दवाखान्यात लागले होते आणि खोली शोधत होते. बाजारपेठेमागच्या गल्लीत बाईंचं घर होतं. पुढे त्यांच्या मिस्टरांचं खिळे-पत्र्याचं दुकान, मिस्टर गेल्यापासून बंद. मागे दोन खोल्या, अंगण, विहीर. मुलगा चाकणला कंपनीत. बाई कोळवण खोऱ्यातल्या शाळांवर एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यामुळे पेठेतली मुसलमान घरं असोत, खोऱ्यातले शेतकरी असोत की डोंगरावरचे धनगर, सगळ्यांच्या त्या नुसत्या 'बाई' होत्या. नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"पोहता येतं?"

"येतं," मी म्हटलं.

"मग राहा. मागं विहीर आहे. पोहता न येणारा भाडेकरू मी ठेवत नाही."

खरं सांगायचं तर मला येत होतं ते एवढंच, की कॉलेजच्या तलावात आडव्या बाजूनं, मधे न थांबता, या काठापासून त्या काठापर्यंत जाणं. तेही शिकवणाऱ्या मॅडम शेजारी असताना. पण खोली चांगली होती, दवाखाना जवळ होता, आणि विहिरीवर लोखंडी जाळी होती. मी 'येतं' म्हणाले आणि सामान घेऊन आले. पुढे दोन वर्षं तो एक शब्द मला दातात अडकलेल्या सुपारीसारखा छळत राहिला.

बाईंच्या घरात काळजीला एक स्वतंत्र वेळापत्रक होतं. बाहेर पडताना गॅसचं बटण हातानं चाचपायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बंद आहे." तीन वेळा. मग कुलूप ओढून बघायचं. मग गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचं आणि खिडकीतून गॅसकडे बघायचं. मला पहिल्या आठवड्यात हसू आलं. दुसऱ्या आठवड्यात मी दवाखान्यात पोचल्यावर विचार करायला लागले, की माझ्या खोलीतली शेगडी मी बंद केली का? बाईंची काळजी संसर्गजन्य होती.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असे. तिच्यात दोरीचं भेंडोळं, शिट्टी, गुळाचा खडा, भर दुपारी लागेल म्हणून टॉर्च आणि ओळखीच्या प्रत्येक म्हातारीच्या औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. कुणी हसलं तर त्या रागवायच्या नाहीत. "तू हस. मी बघते," एवढंच म्हणायच्या. आणि खरोखर बघत राहायच्या.

गुडघे त्यांचे पार गेले होते. चालताना त्या बदकासारख्या डावी-उजवीकडे झुलायच्या. पायरी उतरताना आधी थांबायच्या, मग पायरीकडे अशा बघायच्या, की जणू ती आपल्यावर धावून येणार आहे. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, झीज फार झाली आहे, आज ना उद्या सांधे बदलावे लागतील, तोवर मांड्यांमध्ये ताकद आणा. पण व्यायाम करायला गेलं की गुडघे ठणकायचे, आणि ठणकले की बाई व्यायाम सोडायच्या. नमाज त्या खुर्चीवर बसून पढायच्या. एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "चार वर्षं झाली, कपाळ जमिनीला लागलं नाही." तेव्हापासून ती खुर्ची दिसली की मला अपराधी वाटायला लागलं. शिकले होते मी, आणि उपयोग शून्य.

म्हणून मी बोलून गेले, "बाई, पाण्यात करून बघायला हवं. छातीपर्यंत पाणी असलं की शरीराचं बरंचसं वजन पाणी घेतं. गुडघ्यावर भार येत नाही, आणि पाणी ढकलताना ताकदही येते. कोमट असेल तर फारच छान."

पुढचे तीन दिवस त्यांनी मला प्रश्नांनी सोलून काढलं. पाय घसरला तर? चक्कर आली तर? ज्याला रक्तदाब आहे त्याचं काय? पाण्यात लघवी झाली तर? चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की कोळवणला एका फार्महाऊसचा राखणदार त्यांचा विद्यार्थी आहे, तिथे पोहण्याचा तलाव आहे, मालकीणबाई पुण्यात असतात, त्यांचेही गुडघे दुखतात, आणि त्यांनी फोनवर परवानगी दिली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी. उन्हानं पाणी तापलेलं असतं म्हणून.

"तुम्ही एकट्या?"

"एकटी कशाला? गुडघे काय माझ्या एकटीचे गेलेत?"

अशा आठ बायका जमल्या. चार पौडच्या, चार खोऱ्यातल्या. भातलावणीत वाकून वाकून, डोक्यावर ओझी वाहून, चढ चढून गुडघे संपलेल्या. त्यांत ठकूबाई होती. डोंगराच्या अंगाला तिचं घर आणि शेरडं. काटक, काळीसावळी, साठीची. शेरडांमागं तिला आता जाता येत नव्हतं. ती दगडावर बसून हाका मारायची आणि शेरडं तिला जुमानायची नाहीत. पहिल्या दिवशी ती नऊवारीत पाण्यात उतरली आणि भिजलेल्या लुगड्याच्या वजनानं जागेवरच बसली. दुसऱ्या खेपेला ती मुलाची ट्रॅकपँट आणि शर्ट घालून आली.

"हसायचं न्हाई कुनी," ती म्हणाली आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसली.

बाईंनी शिट्टी फुंकली. "पाण्यात हसायचं नाही. श्वास चुकतो."

व्यायाम मी ठरवून दिले होते. जागच्या जागी चालणं, आडवी पावलं, टाच मागं नेणं, कठड्याला धरून पाय बाजूला उचलणं, पायरीवर बसून सायकल. पण शिकवायच्या बाई. मी काठावर, अंगावर पोहण्याचे कपडे, नजर पाण्यावर. आणि तासाच्या आधी आणि नंतर हजेरी. शाळेतल्यासारखं खरं हजेरीपुस्तक होतं. पाण्यात उतरताना नाव, 'हजर'. बाहेर आल्यावर पुन्हा नाव, पुन्हा 'हजर'. केस पुसत, थरथरत का होईना, 'हजर' म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे.

दुसऱ्या महिन्यात एकदा बाहेरची हजेरी एकानं कमी भरली.

"ठकू," बाईंनी नाव घेतलं. कुणी बोललं नाही. "ठकू!"

सात बायका. बाईंनी बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "उतर," त्या मला म्हणाल्या. मी उडी मारली. तलाव जेमतेम साडेचार फूट खोल आणि पाणी इतकं नितळ, की तळाची प्रत्येक फरशी दिसत होती. तळ रिकामा होता. तरी बाई काठावरून ओरडत होत्या, "हात फिरव! तळाला हात फिरव!" आणि मी वेड्यासारखी रिकाम्या फरशांवरून हात फिरवत होते. एखाद्या फरशीखाली माणूस सापडेल असं मलाही वाटायला लागलं.

तेवढ्यात कुंपणामागून ठकूबाई आली, एका शेळीचा कान धरून. शेळी मालकीणबाईंच्या गुलाबांत घुसली होती.

"काय झालं? कोन बुडलं?" तिनं विचारलं.

बाई मटकन पायरीवर बसल्या. हजेरीपुस्तकात 'ह' लिहायला त्यांनी पेन टेकवलं, पण तिथे नुसता एक शाईचा किडा उमटला. मग त्या म्हणाल्या, "यापुढं मला सांगितल्याशिवाय कुणी पाण्यातून बाहेर जायचं नाही. आणि मला सांगितल्याशिवाय कुणी पाण्यात जायचं नाही."

"मी काय साळंतली पोर हाय व्हय?"

"पाण्यात सगळ्या पोरीच."

जीपवाल्यानं मला त्याच दिवशी हळूच सांगितलं, "बाईंच्या हातनं एक पोरगी गेली हाय धरनात. साळंच्या सहलीला. तवापास्नं मोजत्यात." मी हादरले. त्यानंतर हजेरी सुरू झाली की मला ती न पाहिलेली मुलगी दिसायची. चार-पाच महिने मी ते ओझं वागवलं आणि शेवटी एकदा भाकरी थापताना त्यांना चाचरत विचारलंच.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी परीक्षेत नापास झालेय. "कोण म्हणतं? एकतीस वर्षांत माझं एकही पोर हरवलं नाही, बुडलं नाही, की सहलीतून मागं राहिलं नाही."

"मग एवढं मोजता का?"

"अगं, मोजलं म्हणूनच."

याच सुमारास एका दुपारी मी त्यांच्या खोलीवरून जात होते. दार अर्धं उघडं होतं. खुर्ची भिंतीला सरकवलेली आणि बाई खाली, चटईवर. कपाळ जमिनीला. मी तिथेच थबकले. आनंद वाटायला हवा होता, पण मला भीतीच वाटली, की यांना उठता आलं नाही तर? आत जावं तर नमाजेत अडथळा, न जावं तर पडतील. मी दाराआड श्वास रोखून उभी राहिले. एक हात टेकल्याचा आवाज, मग बांगड्यांचा, मग बराच वेळ काहीच नाही. मग बाईंचा लांब उसासा. त्या उठल्या होत्या. संध्याकाळी त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्या ताटात अंडं जास्त होतं.

पुढच्या वर्षी मालकीणबाईंनी बंगला विकला. नव्या मालकांनी राखणदाराकरवी निरोप दिला, की कुणाला काही झालं तर जबाबदारी कुणाची, तेव्हा उद्यापासून बंद. त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. महिन्याभरात बायकांचे गुडघे पुन्हा आवळायला लागले. ठकूबाई, जी सुगीनंतर शेरडांमागं खिंडीपर्यंत जायला लागली होती, ती परत दगडावर बसली. तिचा मुलगा म्हणायला लागला, आता ही शेरडं काढून टाकू.

बाई पाणी शोधायला निघाल्या. हातात एक उंच बांबू, त्यावर खडूनं फुटांच्या खुणा. रविवारी मला घेऊन त्या खोऱ्यातली सगळी पाणी बघत हिंडल्या. नदीला ओढ होती. धरणाच्या फुगवट्याला चिखल आणि एकाएकी खोली. मी प्रत्येक ठिकाणी 'नाही' म्हणत होते आणि बाई मान डोलावत होत्या. त्यांनाही 'नाही'च ऐकायचं असावं. मग कुणीतरी सुचवलं, एका फुलशेतीवाल्याचं शेततळं आहे, पाणी भरपूर, तो वापरू देईल.

"शेततळं मुळीच नाही," मी म्हटलं. "आत प्लास्टिक असतं. शेवाळ धरतं. माणूस उतारावरून आत गेला की त्याला वर येताच येत नाही. पोहणारी माणसंसुद्धा मेलीत."

"बघायला काय जातं?"

"तुम्ही बघितलंत की करणार."

"तू मला शिकवू नकोस," बाई एकदम चिडून म्हणाल्या. आमचं तेवढं एकच भांडण. पण त्या दुपारी आम्ही गेलो. त्या पुढे, मी फुरंगटून मागे.

बांधावर शेरडं चरत होती. तारेच्या कुंपणाला एक जागा वाकवलेली. तिथे ठकूबाईच्या चपला आणि काठी.

मी पळत बांधावर चढले. खाली काळं चकचकीत प्लास्टिक आणि हिरवं पाणी. काठापासून दहा-बारा फुटांवर ठकूबाईचं डोकं आणि दोन हात. हात प्लास्टिकवर पसरलेले. ती हलत नव्हती, कारण हलली की घसरत होती. ती ओरडतही नव्हती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, पाय लागंना."

मला सगळं आठवतं. चपला काढायच्या, उडी मारायची, तिला मागून धरायचं. डोक्यात सगळं पाठ होतं, आणि पाय जमिनीत रुतल्यासारखे. मी उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मग अंगातून वीज गेल्यासारखं झालं आणि मी चप्पल भिरकावली, तर मागून माझं मनगट कुणीतरी आवळलं.

"उतरायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुलाही वर येता येणार नाही. मग मी दोघींना कशी काढू?"

दोरीची पिशवी जीपमध्ये राहिली होती. जीप खाली रस्त्याला. बाईंनी पिशवीसाठी खांद्याला हात लावला, नाही म्हणून कळलं, आणि पुढच्या क्षणी त्यांनी साडीची पिन काढली. भराभरा निऱ्या सोडल्या. त्या उघड्या माळावर, भर दुपारी, ब्लाऊज आणि परकरावर उभ्या राहून त्यांनी साडीचं एक टोक माझ्याकडे फेकलं. "त्या लोखंडी खांबाला बांध. दोन गाठी." मी बांधलं. "ओढून बघ." मी ओढून बघितलं. "परत बघ."

मग बाई गुडघ्यांवर बसल्या. त्या खडीवर, त्या गुडघ्यांवर. मग पोटावर आडव्या झाल्या आणि पुढे सरकल्या, अर्ध्या उतारावर. मी त्यांचे घोटे धरले. त्यांनी साडीचं दुसरं टोक पिळा घालून खाली सोडलं. वर्गात बोलायच्या तशाच आवाजात त्या बोलत होत्या.

"ठकू, माझ्याकडं बघ. पाण्याकडं बघू नको. उजव्या हाताजवळ कापड आलंय. घाई नको. धर. मनगटाला गुंडाळ. आणखी एकदा. आता पाय मारू नको, पोटावर झोप. आम्ही ओढतो."

आम्ही वीतवीत ओढलं. मधे एकदा साडी करकरली आणि बाई दगडासारख्या थांबल्या. मग पुन्हा. शेवटी मी खांबाला बांधलेली साडी धरून कमरेपर्यंत पाण्यात उतरले, ठकूबाईच्या बगलेत हात घातला आणि तिघी एकमेकींना धरून बांधावर येऊन पडलो. ठकूबाई ओकली, खोकली, मग रडायला लागली.

बाईंच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त येत होतं. त्यांनी आधी साडी सोडवली. ओली, शेवाळलेली साडी त्या नेसल्या, एकेक निरी मोजून. पिन लावली. मग ठकूबाईच्या थोबाडीत एक मारली.

"कुणाला सांगून उतरलीस?"

"कुनालाच न्हाई," ठकूबाई हुंदके देत म्हणाली. "पान्यात बरं वाटतं म्हनून गुडघ्याएवढं उतरले हुते, बाई. तुमीच म्हनलं हुतं, पानी उचलतं."

हे ऐकून बाईंचा चेहरा जो उतरला तो मी विसरू शकत नाही. त्या ठकूबाईला मिठी मारून बसल्या आणि दोघी मिळून थरथरत राहिल्या.

तळ्याचा मालक मोटारसायकलवरून आला तेव्हा त्याला दिसलं ते असं: बाई नीट नेसलेल्या, ठकूबाई अर्धमेली आणि मी भिजून चिंब, एक चप्पल गायब. त्यानं आपल्या मनानंच ठरवलं, मी उडी मारली. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात तेच झालं. "दवाखान्यातल्या मॅडमनी तळ्यात उडी घेतली." मी तोंड उघडणार तर बाईंनी डोळ्यांनी गप्प केलं. नंतर घरी म्हणाल्या, "असू दे. साडीचं कुणाला सांगायचं नाही. शपथ आहे." मला वाटलं, समजलं. पेठेतलं घर, वय, आयुष्यभराची बाई म्हणून असलेली इज्जत. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला सोयीचंही होतं.

वर्ग बंद झाला. बाईंनी हजेरीपुस्तक ट्रंकेत टाकलं. खुर्ची पुन्हा नमाजेच्या जागी आली. मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

दीड महिन्यानं ठकूबाई सकाळच्या जीपनं पौडला आली आणि बाईंच्या उंबऱ्यात बसली. चहा घेतला नाही. उठलीही नाही.

"मला पान्यानं पाडलं न्हाई, प्लास्टिकनं पाडलं. आन् तुमी सांगितल्यालं मी ऐकलं न्हाई. ह्येच्यात तुमचं काय चुकलं?"

"माझ्यामुळं तू पाण्यात गेलीस."

"तुमच्यामुळं मी खिंडीपातुर गेलते. त्ये न्हाई का मोजायचं?"

ठकूबाईनं मग सांगितलं, की तिच्या भाच्याच्या बंद पडलेल्या हरितगृहापाशी सिमेंटचा हौद आहे, चार फुटी, भाचा पायऱ्या बांधून द्यायला तयार आहे. बाईंनी बांबू मागवला. त्या हौदाला पायऱ्या झाल्या, दोन्ही बाजूंना पाइपचे कठडे झाले, तळाला खरबरीत फरशी झाली. भाच्याला बाईंनी एवढे प्रश्न विचारले, की तो शेवटी शेवटी त्यांना बघून लपायचा. उन्हाळा लागता लागता आठ बायका पुन्हा दुपारच्या कोमट पाण्यात उभ्या राहिल्या. ठकूबाई सगळ्यात आधी उतरली.

त्यानंतरच्या महिलादिनाला ग्रामपंचायतीनं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माइक. सरपंचबाईंनी माझ्या उडीचं असं वर्णन केलं, की मलाच ती खरी वाटायला लागली. समोर पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. शेजारी ठकूबाई, खाली मान घालून.

मला ते सहन झालं नाही. मी माइक धरला आणि सांगून टाकलं. मी उडी मारली नाही. मी गोठून उभी राहिले. मला पोहताही धड येत नाही, मी खोलीसाठी खोटं बोलले होते. ठकूबाईंना बाईंनी काढलं, स्वतःची साडी सोडून. मग ठकूबाई उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. तसंच झालं," आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई उठून निघून गेल्या.

नऊ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण दाराशी ठेवायच्या. मी रडले, माफी मागितली, खोली सोडते म्हटलं. दहाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. ट्रंक उघडी होती.

"पोहता येत नाही हे मला वर्गाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तलावात हात फिरवत होतीस तेव्हा. ते सोड. तुला काय वाटलं, मला लाज वाटली म्हणून गप्प राहा म्हटलं?"

मी मान डोलावली.

"जीव जात असताना कसली लाज?" त्यांनी ट्रंकेतून ती साडी काढली. धुतलेली, पण शेवाळाचे डाग तसेच. "ही घरात नेसायची होती. जुनी. तुझ्याशी भांडण झालं आणि रागारागात मी बदलायची विसरले. पदराकडून पार विरलेली. आणि मी ठकूला पदरच टाकला. निऱ्यांकडचं टोक धड होतं, ते खांबाला बांधायला तुला दिलं. उलटं करायला हवं होतं. एवढं साधं. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मला ते आठवतं. तिला ओढताना ती करकरली ना, तेव्हापासून माझ्या कानातला तो आवाज जात नाही."

"पण फाटली नाही ना बाई."

त्यांनी पदर माझ्या हातात दिला. उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. "ओढ," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हातांत धरून जरासा ताण दिला. जोरही लावला नाही. साडी टर्रकन फाटली, वीतभर.

आम्ही दोघी त्या फाटलेल्या जागेकडे बघत बसलो.